एका वर्गाचा गोतावळा
(सुवर्णमहोत्सवी स्नेहसंमेलनातील भाषण)



आम्ही बेळगावचे शाळासोबती आज जयनगरात सहकुटुंब जमलो आहोत. १ नोव्हेंबर १९५६ रोजी बेळगाव मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात आले आणि पुण्या-मुंबईकडे जाणाऱ्या आमच्या वाटेला बंगळूरचा फाटा फुटला. एच.ए.एल., बी.ई.एल., एच.एम.टी. या कारखान्यांनी आम्हांपैकी कित्येकांना अन्न दिले. १९४८ साली पायाभरणी झालेल्या या वसाहतीत आम्ही संसार थाटले.

भेटलो की मास्तरांच्या नकला होतात, आम्ही पोटभर हसतो. शेजारी बसलेल्या मुलानातवंडांना मात्र त्या हसण्यात वाटा नसतो. गतवर्षी आमचा एक सोबती निवर्तला. कोणाला कळवावे, हे त्याच्या मुलाला ठाऊक नव्हते. आम्हांस वार्ता कळली ती तेराव्यानंतर.

म्हणून आमची विनंती एवढीच, की हा स्नेह केवळ बाकावरच्या सोबत्यांपुरता राहू नये. मुलांनी एकमेकांची घरे ओळखावीत, सुखदुःखाला जावे. त्यांनी कन्नडमध्ये विचारले तरी चालेल. उत्तर आम्ही मराठीत देऊ. वर्ग आमचा होता. गोतावळा त्यांचा व्हावा.