तळ दिसणारं पाणी

माझं गाव पुणतांबा. गोदावरीच्या काठचं, चांगदेवांच्या समाधीचं गाव. आम्ही पोरं नदीतच पोहायला शिकलो. कमरेला सुका भोपळा, नाहीतर तोंड घट्ट बंद केलेला पत्र्याचा डबा, एवढंच साहित्य. कुणीतरी थोरला पाण्यात ढकलून द्यायचा. हातपाय मारत काठाला लागला, तो पोहायला शिकला!

एका पावसाळ्यात, वर नांदूर मधमेश्वरचं पाणी सुटलेलं असताना, माझ्या वर्गातला एक मुलगा बुडाला. आठ दिवसांपूर्वी जिथं आमच्या छातीएवढं पाणी होतं, तिथंच. त्याला चांगलं पोहता येत होतं. त्या दिवसापासून अम्मानं माझी नदी बंद केली.

पुढे ऑक्टोबर २००८ मध्ये पुण्यात तिसऱ्या राष्ट्रकुल युवा क्रीडा स्पर्धा झाल्या. बालेवाडीचं शिवछत्रपती क्रीडा संकुल मुळात १९९४ च्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धांसाठी उभारलेलं. युवा स्पर्धांसाठी ते नव्यानं सजवलं होतं. बहीण पुण्यात राहायची. तिच्या नऊ वर्षांच्या मुलीला घेऊन मी पोहण्याच्या शर्यती पाहायला गेलो. पाणी पाहताच पोरगी ओरडली, ‘‘मामू, तळ दिसतोय!’’

मी नुसता पाहत राहिलो. गोदावरीनं मला कधी तळ दाखवला नव्हता. इथं निळ्या पाण्याखाली फरशीवरची काळी रेघसुद्धा स्पष्ट दिसत होती. त्याच वर्षी बीजिंग ऑलिंपिकमध्ये पोहून आलेला कोल्हापूरचा वीरधवल खाडे त्या स्पर्धेत सुवर्णपदकाचा मानकरी ठरला. दोनच वर्षांनी, २०१० मध्ये, ग्वांगझूच्या आशियाई स्पर्धेत पन्नास मीटर बटरफ्लाय प्रकारात त्यानं कांस्यपदक मिळवलं. भारताला आशियाई स्पर्धेत जलतरणाचं पदक तब्बल चोवीस वर्षांनी मिळालं होतं.

असा तलाव बांधणं हे मोठं नेमकेपणाचं काम. लांबी पन्नास मीटर. प्रत्येक पट्टा अडीच मीटर रुंद. पाण्याचं तापमान २५ ते २८ अंश सेल्सिअस. १९७२ च्या म्युनिक ऑलिंपिकमध्ये चारशे मीटरच्या एका शर्यतीत स्वीडनचा गुन्नार लार्सन अमेरिकेच्या टिम मॅक्कीच्या पुढे राहिला, तो सेकंदाच्या दोन हजारांश भागानं. एवढ्या वेळात पोहणारा जेमतेम तीन मिलिमीटर पुढे सरकतो. आणि तलावाच्या भिंतीच जर दोन पट्ट्यांत तीन मिलिमीटरनं कमी-जास्त असतील तर? म्हणून पुढे शंभरांश सेकंदापर्यंतच वेळ मोजायची आणि तिथं बरोबरी झाली तर दोघांना सारखाच मान द्यायचा, असं ठरलं. तीन मिलिमीटरचाही अन्याय नको, ही त्यामागची भावना मला फार आवडते.

पण मग मनात येतं, हा न्याय फक्त शर्यतीत उतरणाऱ्यांनाच का? आमच्या नदीकाठच्या, विहिरीकाठच्या, शेततळ्याकाठच्या मुलांना पाण्याची खोली कोण मोजून देतं? वाळू उपशानं नदीत कुठं खड्डा पडलाय, ते पाय घसरल्यावरच कळतं. शेततळ्याच्या गुळगुळीत प्लॅस्टिकवरून तर पट्टीच्या पोहणाऱ्यालाही वर येता येत नाही. आणि मुलींना तर काठावरच थांबवलेलं. त्यांना भोपळाही नाही आणि डबाही नाही.

माझी भाची पुढे पुण्यातल्याच एका तलावात पोहायला शिकली. सुटीत ती पुणतांब्याला आली, तेव्हा मी भीत भीत ही गोष्ट अम्माच्या कानावर घातली. तिनं नातीला जवळ बसवलं आणि एवढंच विचारलं, ‘‘तळ दिसतो का गं?’’

‘‘दिसतो, नानी. आणि शिकवणाऱ्या मॅडम काठावर उभ्या असतात.’’

‘‘मग शीक,’’ अम्मा म्हणाली. त्या घटनेनंतर आमच्या घरात पाण्याला मिळालेली ती पहिली परवानगी.

स्पर्धेसाठी मोठे तलाव जरूर बांधावेत. ते आपलं भूषण आहेत. पण स्पर्धा आठवड्यात संपते. पाणी मात्र गावोगाव बारा महिने असतं. प्रत्येक तालुक्याला एक लहानसा, उथळ, तळ दिसणारा तलाव आणि काठावर लक्ष ठेवणारं एक माणूस हवं. पदकं मिळतील न मिळतील. संध्याकाळी पोरं घरी तरी परततील.