कामाचें माप आणि माणसाचें मन

यंत्र बिघडलें म्हणजे जाणता कारागीर प्रथम त्याच्याजवळ कान नेतो. खडखड कोठून येते तें ऐकतो आणि मगच हत्याराला हात घालतो. परंतु त्याच यंत्रावर काम करणारें माणूस मंदावलें, चिडखोर झालें, वारंवार गैरहजर राहूं लागलें, तर त्याच्याजवळ कान नेण्याची चाल कारखान्यांत फार उशिरां आली. दंड, पगारकाट आणि बडतर्फी हींच औषधें तोंवर पुरेशीं समजलीं जात. अमेरिकेंतील फ्रेडरिक टेलर यानें १९११ सालीं आपला प्रसिद्ध ग्रंथ लिहून घड्याळाच्या साह्यानें प्रत्येक हालचालीचें माप घेण्याची विद्या मांडली. ती विद्या निरुपयोगी होती असें मुळींच नाहीं. पण हात मोजतांना त्या हाताच्या धन्याला काय वाटतें, हा प्रश्न तिच्या वहींत फारसा नव्हता. तो प्रश्न पुढें आला तोही जवळजवळ चुकूनच.

शिकागो शहराला लागून असलेल्या सिसेरो गांवीं वेस्टर्न इलेक्ट्रिक कंपनीचा हॉथॉर्न नांवाचा अवाढव्य कारखाना होता. टेलिफोनचें सामान तेथें तयार होई, आणि १९२९ च्या सुमारास चाळीस हजारांच्या आसपास माणसें तेथें राबत. १९२४ सालीं तेथें एक साधा प्रयोग सुरू झाला. दिव्यांचा उजेड वाढविला तर काम किती वाढतें, एवढेंच पहावयाचें होतें. उजेड वाढविला, काम वाढलें. ज्यांचा उजेड मुळींच बदलला नव्हता अशा दुसऱ्या तुकडीचेंही काम वाढलें. मग उजेड कमी कमी करीत नेला, तरी काम घटेना. एका प्रयोगांत दोन कामकरणी चांदण्याएवढ्या अंधुक प्रकाशांतही पूर्वीइतकें काम करीत राहिल्या. दिवे विकणाऱ्यांची यांत निराशा झाली असली तर नवल नाहीं.

१९२७ च्या एप्रिलांत दुसरा प्रयोग मांडला गेला. टेलिफोनच्या रिलेचे पस्तीस-चाळीस सुटे भाग जुळविणाऱ्या पांच मुली आणि त्यांना सामान पुरविणारी सहावी, अशा सहाजणींना मोठ्या खात्यांतून काढून एका वेगळ्या खोलींत बसविलें. एक रिले जुळवावयास सुमारें एक मिनिट लागे. प्रत्येक रिले खाली पडतांच तिची नोंद आपोआप कागदाच्या पट्टीवर होई. मग पांच मिनिटांच्या दोन विश्रांती दिल्या, पुढें त्या दहा मिनिटांच्या केल्या, सकाळीं कंपनीच्या खर्चानें फराळ दिला, सुटीची वेळ अर्ध्या तासानें अलीकडे आणली, कांहीं आठवडे शनिवारही मोकळा ठेवला. प्रत्येक फेरबदल त्या मुलींना आधीं सांगितला जाई. सारा दिवस मान वर करूं न देणारा मुकादम त्या खोलींत नव्हता. एक निरीक्षक होता, तो लिही आणि त्यांच्याशीं बोले. काम वाढत गेलें. १९२८ सालीं सर्व सवलती काढून घेऊन बारा आठवडे जुनाच पूर्ण आठवडा चालविला, तरी आठवड्याचें एकूण काम खालीं आलें नाहीं. दोन वर्षांत वाढ सुमारें तीस टक्क्यांची झाली.

हार्वर्ड विद्यापीठांतून एल्टन मेयो हा मूळचा ऑस्ट्रेलियन अध्यापक १९२८ पासून या कामीं लक्ष घालूं लागला. मनुष्य केवळ पैशाकरितां किंवा विश्रांतीकरितां काम करीत नाहीं. आपल्याकडे कोणी लक्ष देतें, आपण एका मंडळींतले आहों, ही जाणीव त्याला बळ देते, असा अर्थ त्यानें लावला. हा अर्थ जगभर गाजला. परंतु त्या खोलींतली एक गोष्ट गाजावाजांत मागें राहिली. १९२८ च्या जानेवारींत पांचांपैकीं दोन मुलींना तेथून काढून टाकलें. त्या फार बोलतात, सहकार्य करीत नाहींत, हा त्यांच्यावरील आक्षेप. वास्तविक मोकळेपणीं बोला असें त्यांनाच सुरुवातीस सांगण्यांत आलें होतें! त्यांच्या जागीं दोन हुशार व उत्सुक मुली आल्या आणि त्यानंतर कामाचा आंकडा झपाट्यानें चढला. शिवाय पगाराची रीतही बदलली होती. पूर्वी शंभराहून अधिक जणींच्या एकत्रित कामावर मोबदला ठरे. आतां तो या लहानशा तुकडीच्याच कामावर ठरूं लागला, म्हणजे आपल्या हाताचें फळ आपल्याच पदरांत पडूं लागलें. दुसऱ्या एका तुकडीला केवळ पगाराची ही रीत लावून पाहिली, तर तेवढ्यानेंच काम सुमारें बारा टक्के वाढलें. मात्र खात्यांतल्या इतरांचा असंतोष पाहून तो प्रयोग नऊ आठवड्यांत गुंडाळावा लागला. तेव्हां आपुलकीनें काम वाढतें म्हणणाऱ्यानें बडतर्फी आणि पगार यांचाही हिशेब द्यावयास हवा होता. ॲलेक्स कॅरी यानें १९६७ सालीं तो कठोरपणें मागितला. दिव्यांच्या प्रयोगाचे मूळ आंकडे हातीं आल्यावर लेव्हिट आणि लिस्ट या अर्थशास्त्रज्ञांनीं २०११ सालीं ते तपासले. दंतकथेंतला चमत्कार त्यांत त्यांना दिसला नाहीं.

तरीही हॉथॉर्नचें खरें मोल कोठें असेल तर तें १९२८ च्या सप्टेंबरांत सुरू झालेल्या मुलाखतींत. एकवीस हजारांहून अधिक कामगारांना भेटून त्यांचें म्हणणें टिपून घेतलें. प्रथम प्रश्नांची यादी ठरलेली असे. पण दिव्याविषयीं विचारावें तर माणूस आजारी मुलाविषयीं बोलूं लागे. मुकादमाविषयीं विचारावें तर घराच्या कर्जाविषयीं. शेवटीं यादी बाजूला ठेवून, मध्यें न बोलतां, उपदेश न करतां, वाद न घालतां ऐकत बसावें असें ठरलें. अर्ध्या तासाच्या मुलाखती दीड-दीड तास चालूं लागल्या. गाऱ्हाण्याचा शब्द एक आणि दुखणें दुसरें, हें घरांतल्या थोरांना ठाऊक असतेंच. कारखान्याच्या व्यवस्थापकांना तें वीस हजार माणसांकडून शिकावें लागलें.

१९३१ च्या नोव्हेंबरांत चौदा पुरुषांची एक तुकडी अशीच वेगळी बसवून तिच्याकडे नुसतें पहात रहावयाचें ठरलें. जास्त काम केलें तर जास्त पैसे मिळत असूनही त्यांनीं दिवसाच्या कामाची एक मर्यादा आपसांत बांधून घेतली होती. ती ओलांडणाऱ्याला टोमणे बसत, क्वचित् दंडावर ठोसाही बसे. वरिष्ठांकडे चहाडी करणारा तर वाळींतच पडे. काम फार केलें तर दर उतरेल, किंवा थोड्याच माणसांत भागेल म्हणून उरलेल्यांना घरीं पाठवितील, ही त्यामागची भीति. संशोधकांना ती तर्काला सोडून वाटली. पण मंदीचा तो हिवाळा होता, रोज कोणी ना कोणी घरीं बसत होतें, आणि कामच उरलें नाहीं म्हणून १९३२ च्या मे महिन्यांत ती खोलीही मोडावी लागली. भ्यालेल्यांचा तर्क संशोधकांच्या तर्काहून कच्चा होता असें कसें म्हणावें?

मुंबईकरांना ही भीति अपरिचित नाहीं. शिकागोस मुलाखतींची तयारी चालली होती त्याच १९२८ सालीं मुंबईच्या गिरण्यांत सुमारें दीड लाख कामगार एप्रिलपासून ऑक्टोबरपर्यंत संपावर होते, आणि एका माणसानें अधिक माग, अधिक चात्या संभाळाव्यात ही नवी योजना त्या तंट्याच्या मुळाशीं होती. येथें भरती करणारा, कामावर ठेवणारा आणि त्याबद्दल दस्तुरी उकळणारा जॉबर मालक व कामगार यांच्यामध्यें उभा असे. कामगाराचें म्हणणें मालकापर्यंत पोंचावयाचें तें याच वाटेनें. मग तें किती पोंचत असेल तें सांगावयास नको.

हॉथॉर्नमध्यें १९३६ पासून खास सल्लागार नेमले गेले. त्यांनीं खात्याखात्यांतून फिरावें, कोणाचेंही दुःख ऐकावें, तें गुप्त ठेवावें. मात्र पगार वाढविण्याचा, मुकादम बदलण्याचा, खिडकी उघडविण्याचाही अधिकार त्यांना नव्हता. मन मोकळें झालें कीं तक्रार विरघळते, अशी त्यामागची श्रद्धा. पुष्कळांना त्यानें खरोखर दिलासा मिळाला असेल. पण ज्याच्या अंगावर उकळतें पाणी पडत आहे त्याला पाण्याविषयीं काय वाटतें एवढेंच विचारणें, हें ऐकणें अर्धेंच होय. कामगारांच्या संघानें हेंच गाऱ्हाणें मांडलें तर त्याची दाद मालकाला द्यावी लागते. एकट्यानें सल्लागाराच्या कानांत सांगितलें तर लागत नाहीं. ही व्यवस्था वीस वर्षें चालून १९५६ सालीं बंद झाली.

कारखानाही १९८३ सालीं बंद पडला. बहुतेक इमारती पाडून तेथें बाजार वसला; एक उंच मनोरा तेवढा उभा राहिला. प्रयोगांचे कागद हार्वर्डच्या ग्रंथालयांत आहेत. त्या रिलेच्या खोलींत कोण काय बोललें याच्या रोजच्या नोंदी त्यांत सांपडतात; ज्यांना बोलल्याबद्दल बाहेर जावें लागलें त्या दोघींच्या बोलण्याच्याही.