काशीतील ग्रहणगणित आणि कंकणाची वाट



ग्रहणाच्या दिवशी काशीच्या दशाश्वमेध घाटावर उभ्या असलेल्या यात्रेकरूला मुख्यतः दोन वेळा ठाऊक असाव्या लागतात : स्पर्श केव्हा आणि मोक्ष केव्हा. स्पर्शाचे स्नान, मध्यकाळी जप व दान आणि मोक्षानंतर पुन्हा स्नान, हा सारा क्रम त्या दोन वेळांवर बेतलेला असतो. एखादी तिथी दोन घटिका मागेपुढे झाली तर ते पंचांगकर्त्यावाचून कोणाच्या ध्यानात येत नाही; ग्रहण मागेपुढे झाले तर मात्र घाटावरच्या हजारो माणसांना ते एकाच वेळी कळते. ग्रहण ही गणकाची चव्हाट्यावरची परीक्षा होय. आणि काशीत ही परीक्षा देणाऱ्यांत महाराष्ट्रातून गेलेली घराणी पिढ्यानुपिढ्या अग्रभागी होती, म्हणूनच आजचा विषय त्या नगरीपासून सुरू करणे उचित ठरेल. पूर्वी होऊन गेलेल्या एखाद्या कंकणाकृती सूर्यग्रहणाची वाट आज भूमीवर कशी आखता येते, हा तो विषय.

विदर्भात पयोष्णीच्या काठच्या दधिग्रामाहून बल्लाळाचे घराणे काशीस गेले. त्याचा पुत्र कृष्ण दैवज्ञ याने भास्कराचार्यांच्या बीजगणितावर टीका लिहिली. दुसरा पुत्र रंगनाथ याने १६०३ साली सूर्यसिद्धांतावर ‘गूढार्थप्रकाशिका’ रचली आणि रंगनाथाचा पुत्र मुनीश्वर याने ‘सिद्धांतसार्वभौम’ लिहिला. गोदावरीकाठच्या गोलग्रामाहून दुसरे घराणे आले. त्यातील कमलाकराने १६५८ साली काशीतच ‘सिद्धांततत्त्वविवेक’ पूर्ण केला. मुनीश्वर आणि कमलाकर यांचे शास्त्रीय वैर प्रसिद्ध आहे. त्या वैरात शिरण्याचे येथे कारण नाही. तथापि कमलाकराचा एक विचार लक्षात ठेवावा. ज्या गणिताचे फळ डोळ्यांना दिसत नाही तेथे सूर्यसिद्धांत जसाच्या तसा घ्यावा, परंतु जे डोळ्यांनी पाहावयाचे आहे तेथे गणिताने दृष्टीच्या मागे जावे, असा भेद त्याने केला. ग्रहण अर्थातच दुसऱ्या वर्गात पडते.

सूर्य कंकणासारखा उरेल की पुरता झाकला जाईल, हे प्राचीन ग्रंथांवरून कळत असे काय? तत्त्वतः कळत असे. सूर्यसिद्धांतात सूर्यबिंबाचा व्यास ६,५०० योजने व कक्षा ४३,३१,५०० योजने आहे; चंद्राचा व्यास ४८० व कक्षा ३,२४,००० योजने. कक्षेच्या २१,६०० कला मानून त्रैराशिक मांडले की मध्यममानाने चंद्रबिंब बरोबर ३२ कलांचे येते आणि सूर्यबिंब ३२ कला २४ विकलांचे. पुढे त्या त्या दिवसाच्या स्पष्ट गतीप्रमाणे ही बिंबे लहानमोठी करून घ्यावयाची. चंद्र मंदगती असला, म्हणजे पृथ्वीपासून दूर असला, की त्याचे बिंब लहान होते आणि सूर्याची कडा भोवताली शिल्लक राहते. कंकणाची शक्यता या आकड्यांच्या पोटातच आहे. ती कोणी बाहेरून आणलेली नाही.

कोकणातील नांदगावच्या गणेश दैवज्ञाने १५२० साली ‘ग्रहलाघव’ रचून हे काम आणखी सोपे केले. ज्या-कोज्यांचे कोष्टक दूर सारून त्याने नुसते गुणाकार-भागाकार ठेवले. रवीची गती दुप्पट करून ११ ने भागली की रविबिंब अंगुळांत येते. चंद्राची गती ७४ ने भागली की चंद्रबिंब. मध्यम गतीने पाहता पहिले १० अंगुळे ४५ व्यंगुळे आणि दुसरे १० अंगुळे ४१ व्यंगुळे भरते. तीन कलांचे एक अंगुळ. या रीतीची सुटसुटीतपणाबद्दल जितकी प्रशंसा करावी तितकी थोडी. परंतु तिच्यात एक उणीव राहून गेली. तिच्या हिशेबी दोन्ही बिंबे मध्यममानाने जवळजवळ सारखी आहेत. वस्तुतः चंद्रबिंब सरासरीने सुमारे एका कलेने लहान असते. त्यामुळेच कंकणाकृती ग्रहणे खग्रासांपेक्षा अधिक होतात : इसवी सनापूर्वी २००० पासून इसवी सन ३००० पर्यंतच्या पाच हजार वर्षांच्या आधुनिक गणनेत ३,९५६ ग्रहणे कंकणाकृती आणि ३,१७३ खग्रास निघतात. ग्रहलाघवावर विसंबणाऱ्या गणकाने खग्रास वर्तवावे आणि आकाशात कंकण उमटावे, असा प्रसंग मुळीच असंभवनीय नव्हता.

आता वाटेकडे वळू. चंद्रग्रहण जेथून जेथून चंद्र दिसतो तेथे तेथे एकसारखेच दिसते. सूर्यग्रहणाचे तसे नाही. पाहणारा पृथ्वीच्या केंद्रात नसून पृष्ठावर असतो, म्हणून त्याला चंद्र आपल्या गणितागत स्थानापासून किंचित ढळलेला दिसतो. या ढळण्याचे आपल्या ज्योतिष्यांनी दोन भाग केले : पूर्वपश्चिम तो लंबन आणि दक्षिणोत्तर ती नती. सूर्यसिद्धांताच्या मते लंबन फार तर चार घटिकांपर्यंत जाते. नतीचा संस्कार दिल्यावर चंद्राचा जो शर उरतो तो स्पष्ट शर; तो दोन्ही बिंबांच्या त्रिज्यांच्या अंतराहून कमी असेल आणि चंद्रबिंब लहान असेल, तर त्या गावी कंकण दिसेल. काशीसाठी हे गणित केले की ते काशीपुरतेच खरे. पैठणच्या माणसाने स्वतःचे अक्षांश घेऊन ते पुन्हा केले पाहिजे.

म्हणजे वाट शोधण्याचे साधन पंडिताच्या हाती होतेच. गावामागून गाव घेऊन जेथे जेथे स्पष्ट शर शून्य होतो ती ठिकाणे जोडावयाची, की कंकणाची मध्यरेषा झाली. परंतु ग्रंथांची रीत एका गावापुरती आहे, आणि यात नवल नाही. स्नान ज्या घाटावर करावयाचे तेथे ग्रहण दिसते की नाही, एवढाच धर्मशास्त्राचा प्रश्न होता. शेजारच्या प्रांतात सूर्याचे कंकण झाले काय, हे कोणी विचारीत नव्हते.

शिवाय ती वाट काढली असती तरी कितपत खरी ठरली असती, हेही पाहिले पाहिजे. सूर्य माथ्यावर असताना चंद्राच्या शरात एका कलेची चूक झाली तर भूमीवरची रेषा सुमारे ११० किलोमीटर सरकते. सूर्य खाली असल्यास याहूनही अधिक. एक कला म्हणजे गणेश दैवज्ञाच्या अंगुळाचा तिसरा हिस्सा! वाटेची रुंदीही बिंबांच्या अंतरावर ठरते. १५ जानेवारी २०१० चे कंकण रामेश्वरावरून गेले तेव्हा त्याच्या पट्ट्याची रुंदी ३०० किलोमीटरांहून अधिक होती. २१ जून २०२० चे कंकण सिरसा, कुरुक्षेत्र, जोशीमठ या बाजूने गेले. जोशीमठाजवळ त्याचा पट्टा जेमतेम २१ किलोमीटरांचा आणि कंकणाची स्थिती अवघी ३८ सेकंदांची होती. काशीत त्या दिवशी ते खंडग्रासच राहिले.

युरोपात प्रश्नच वेगळ्या रीतीने विचारला गेला. १ एप्रिल १७६४ च्या कंकणाकृती ग्रहणाची वाट निकोल-रेन लपोत या फ्रेंच विदुषीने आधीच गणित करून युरोपच्या नकाशावर उतरविली. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात बेसेल या जर्मन ज्योतिर्विदाने याहून मूलगामी युक्ती काढली. गावोगावच्या आकाशाचा विचारच त्याने सोडला. चंद्राच्या छायेचा अक्ष घ्यावा, त्याला काटकोनात पृथ्वीच्या केंद्रातून एक पातळी कल्पावी आणि त्या पातळीवर छाया तासातासाला कोठे आहे ते मांडावे. जणू सूर्यावर उभे राहून पृथ्वीकडे पाहावयाचे. मग खालची पृथ्वी फिरवीत नेली की छाया कोणत्या गावांवरून गेली ते आपोआप निघते. कंकणाच्या वेळी छायेचे टोक भूमीला पोचतच नाही, वरच संपते. परंतु अक्ष तोच राहतो, म्हणून रीतही तीच.

ही दोन्ही गणिते ज्याच्या एकट्याच्या डोक्यात नांदत होती तो पुरुष काशीतच होता. १८२१ साली जन्मलेले बापूदेवशास्त्री हे मराठी घराण्यातले. सीहोर येथे लॅन्सलॉट विल्किन्सन यांच्या आश्रयाने त्यांचे अध्ययन झाले आणि १८४२ साली ते काशीच्या संस्कृत पाठशाळेत अध्यापक झाले. १८६१ साली त्यांनी केलेले सूर्यसिद्धांताचे इंग्रजी भाषांतर प्रसिद्ध झाले. १८७० च्या दशकात त्यांनी नॉटिकल आल्मनॅकच्या आधारे स्वतःचे पंचांग काढण्यास आरंभ केला. काशीतील सर्वच पंडितांना ते रुचले नाही. मात्र ग्रहणाच्या बाबतीत विरोधकांची बाजू लंगडीच होती, कारण तेथे निवाडा आकाश करीत असे.

आता राहिला प्राचीन ग्रहणांचा प्रश्न, आणि येथे एक अडचण अशी आहे की जी बापूदेवशास्त्र्यांच्या काळी नुकतीच चर्चेत येऊ लागली होती. चंद्र-सूर्याचे गणित कितीही सूक्ष्म केले तरी छायेखाली कोणते गाव होते हे पृथ्वीच्या फिरण्यावर अवलंबून असते, आणि ते फिरणे एकसारखे नाही. भरती-ओहोटीच्या घर्षणाने दिवस शतकाला दीड-दोन सहस्रांश सेकंदाने लांबत आला आहे. ही रक्कम क्षुल्लक वाटते. पण दिवसामागून दिवस ती साचत जाते. इसवी सन १००० पर्यंत मागे गेल्यास घड्याळात सुमारे २५ मिनिटांचा फरक पडतो. चार मिनिटांना एक अंश, म्हणजे सव्वासहा अंश; काशीच्या अक्षांशावर ते ६०० किलोमीटरांहून जास्त होतात. त्या काळी काशीवर प्रत्यक्ष उमटलेले कंकण आजच्या दिवसमानाने मागे मोजीत गेलेला गणक राजस्थानातील बारांच्या आसपास दाखवील. ही दुरुस्ती निव्वळ सिद्धांतावरून मिळत नाही. जुन्या बाबिलोनी, चिनी, अरबी नोंदींत ‘या ठिकाणी असे दिसले’ असे जे लिहिले आहे, त्यावरूनच ती बसवावी लागते.

आपल्याकडे अशा नोंदींचे भांडार म्हणजे ताम्रपट. सूर्यग्रहणाच्या पर्वावर तीर्थात स्नान करून भूमिदान दिल्याचे उल्लेख त्यांत विपुल आहेत. त्यांच्या तिथी तपासता याव्यात म्हणून कोकणातील मुरूडचे शंकर बाळकृष्ण दीक्षित यांनी रॉबर्ट सिवेल यांच्यासह इंग्रजीत भारतीय कालगणनेचा ग्रंथ सिद्ध केला. तो १८९६ साली निघाला. त्याला व्हिएन्नाच्या रॉबर्ट श्राम यांनी भारतात दिसलेल्या सूर्यग्रहणांची कोष्टके जोडली आहेत. स्थळाचे अक्षांश-रेखांश घालून ग्रहणमध्याची वेळ आणि ग्रासाचे मान थोड्या आकडेमोडीने काढता यावे, अशी त्यांची रचना आहे. कोणते ग्रहण कंकणाकृती व कोणते खग्रास हेही तेथे नमूद केलेले आढळते.

ताम्रपटांत मात्र हा भेद सहसा सापडत नाही. दात्याला आणि ब्राह्मणाला ‘सूर्यपर्व’ एवढेच पुरेसे होते. कंकणाच्या वेळी दिवस मावळल्यासारखा काळोख होत नाही, उघड्या डोळ्यांनी सूर्याकडे पाहवत नाही. त्या घटकेस काशीतील बहुतेकांची दृष्टी गंगेच्या पाण्याकडेच असे.