स्नानाच्या टबाची डागडुजी

मागील वर्षी आमच्या मातुःश्रींनी टबात पाय ठेवण्याचेच नाकारले. ‘तळ खाली जातो रे,’ असे त्या म्हणत. वार्धक्याचे भय समजून आम्ही ते हसण्यावारी नेले. पुढे खालच्या मजल्यावरील शेजारी आपल्या छताची ओल दाखवावयास वर आले, तेव्हा तळाला वीतभर तडा गेल्याचे ध्यानी आले.

हे टब पुष्कळदा ॲक्रिलिकचे असतात. तापवून मऊ केलेला पत्रा साच्यात ओढला जाताना ताणून पातळ होतो. म्हणून मागून काचतंतू व राळ यांचा थर देतात. हा थर बेताचा, आणि तळाखाली पोकळी, असे असले म्हणजे वजन पडताच तळ लवतो. शंभर लिटर पाण्याचेच वजन 100 किलो, माणूस निराळा. तार पुनःपुन्हा वाकविल्यास तुटते, तसेच हे.

मी प्रथम वरून लुकण भरले. ते पंधरवडाही टिकले नाही, कारण तळ लवतच होता! मग नळजोडणी सोडवून टब उचलला व उलटा करून चांगला वाळू दिला. तड्याच्या दोन्ही टोकांशी बारीक छिद्र पाडले, म्हणजे तो पुढे सरकत नाही. मागची बाजू काचकागदाने खरखरीत करून काचतंतूंच्या चटईचे दोन थर राळेत भिजवून बसविले. या राळेची वाफ उग्र असते; खिडक्या उघड्या हव्यात, हातांत मोजे हवेत. ॲसिटोनने ॲक्रिलिक पुसू नये, ते विरघळते.

थर कठीण झाल्यावर खरे काम. गवंड्याने जमिनीवर सिमेंट-वाळूच्या घट्ट मालाचे ढीग मांडले, सलग थर नव्हे, म्हणजे दाबला जाणारा माल पसरावयास जागा राहते. वर प्लॅस्टिकचा कागद घालून टब बसविला, पातळी पाहिली, आणि माल ओला असतानाच टब निम्मा पाण्याने भरला. भाराखाली तळ जेथे येतो, तेथेच त्याला आधार मिळावयास हवा. दोन दिवस पाणी तसेच ठेवले. डब्यातील फुगणारा फेसही काही जण वापरतात. पण तोही टब पाण्याने भरूनच, एरवी फेस टबालाच वर उचलतो.

वरच्या लुकणाचा रंग काही जुळला नाही. मातुःश्री आता टबात उतरतात. मात्र आधी टाचेने तळ एकदा दाबून पाहतात.