मुरबाडचे नाना शंकरशेट

मुंबईत ग्रँट रोड स्टेशनातून बाहेर पडले की जवळच नाना चौक लागतो. हे नाना कोण, असे कुणी विचारले तर शहापूर-मुरबाडच्या माणसाने खुशाल सांगावे, "आमचे!" जगन्नाथ शंकरशेट मुरकुटे यांचा जन्म १० फेब्रुवारी १८०३ चा, मुरबाडचा.

घराणे सराफी-सावकारीचे. १८२२ साली वडील वारले आणि ऐन विशीच्या आत पेढी नानांच्या अंगावर पडली. त्यांनी ती सांभाळली, वाढवली. मुंबईस येणारे अरब, अफगाण व्यापारी बँकेपेक्षा नानांवर विश्वास ठेवीत आणि आपला पैसा त्यांच्याकडे सोपवीत. यालाच बाजारात पत म्हणतात. ही पत नानांनी पुढे शहराच्या कामी लावली.

आज शहराचा पहिला नागरिक म्हणजे महापौर. नानांच्या काळी ते पद नव्हते; मुंबईला महापौर मिळाला १९३१ साली. पण महापौराने करावी ती कितीतरी कामे नानांनी केली. रेल्वे यावी म्हणून १८४५ पासून खटपट केली. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून ठाण्यास गाडी सुटली, आणि १८५५ मध्ये ती आपल्या शहापूर तालुक्यात वासिंदला पोचली. गंमत बघा, ज्या मुरबाडच्या सुपुत्राने रेल्वेसाठी धडपड केली, त्या मुरबाडला मात्र पुढे दीडशे वर्षे उलटली तरी ती आली नाही! लोकांची गाऱ्हाणी विलायतेच्या पार्लमेंटपुढे मांडण्यासाठी १८५२ साली बॉम्बे असोसिएशन निघाली, तिच्यातही नाना पुढे होते. मुलींची शाळा काढायची तर जागा कोण देणार? नानांनी आपल्या वाड्यात दिली.

शिक्षक बंधुभगिनींनो, एक गोष्ट खास तुमच्यासाठी. १८४० साली मुंबई इलाख्यात बोर्ड ऑफ एज्युकेशन स्थापन झाले. नाना त्याचे सभासद होते. पुढे न्यायाधीश सर अर्स्किन पेरी अध्यक्ष झाले. त्यांचे म्हणणे असे, की मोजक्या लोकांना इंग्रजीतून उत्तम शिकवावे. ज्ञान वरून खाली झिरपेल. नाना स्वतः इंग्रजी शिकलेले, एल्फिन्स्टन विद्यालयाचे आधारस्तंभ. इंग्रजीशी त्यांचे वैर नव्हते. पण सर्वसामान्य रयतेपर्यंत विद्या न्यायची तर ती देशी भाषेतूनच गेली पाहिजे, असे त्यांनी अध्यक्षाच्या तोंडावर सांगितले, आणि वर्षानुवर्षे तो वाद नेटाने लढवला. साहेबाची मर्जी सांभाळणे व्यापाऱ्याला सोयीचे असते. नानांनी ती सोय पाहिली नाही. पुढे १८५४ च्या वुड यांच्या खलित्याने बहुजनांचे शिक्षण देशी भाषांतून द्यावे हे मान्य केले.

३१ जुलै १८६५ रोजी नाना वारले. त्यांच्या नावाची संस्कृतची शिष्यवृत्ती मिळवणे हा मॅट्रिकच्या मुलांना पुढे कित्येक पिढ्या मोठा मान वाटे.

शहापूर-मुरबाडच्या शाळांत कातकरी, ठाकर मुले येतात. त्यांच्या घरची बोली पुस्तकातल्या मराठीहून निराळी. मूल पहिल्या दिवशी गप्प बसते, आणि आपण त्याला मठ्ठ समजून मोकळे होतो. नानांनी पेरीसाहेबांना जे सांगितले, तेच ते मूल आपल्याला सांगत असते. उद्या वर्गात त्याच्या बोलीतले दोन शब्द विचारून बघा. ते बोलू लागेल.