आधी शिकवणी, मग परवाना



मुलगा कॉलेजात गेला की घरात मोटारसायकलचा विषय निघतो. वळसंगसारख्या गावात तो हौसेपेक्षा गरजेचा असतो. सोलापूर आणि अक्कलकोट यांच्या साधारण मध्यावर आपलं गाव. कॉलेज, दवाखाना, बाजार, नोकरी, सगळ्यासाठी रस्त्यावर यावं लागतं. एसटीची वाट पाहायची किंवा गाडी काढायची. तेव्हा गाडी घेऊच नका, असं मी सांगणार नाही. ती शिकायची कशी, एवढंच आज बोलायचं आहे.

आपल्याकडे पोहायला शिकवताना पाठीला भोपळा किंवा डबा बांधतात, एक जाणता माणूस विहिरीत उतरतो. गाडीच्या बाबतीत मात्र एखाद्या संध्याकाळी थोरला भाऊ किल्ली देतो, ‘क्लच हळू सोड’ म्हणतो, आणि शिक्षण संपतं. आठवड्याभरात तोच मुलगा हायवेवर असतो. पूर्वीचा अरुंद रस्ता आता चौपदरी झाला. गाड्यांचा वेग वाढला. आपली शिकण्याची पद्धत तेवढी जुनीच राहिली.

आता कायदा काय म्हणतो ते पाहू. १९८८च्या मोटार वाहन कायद्याप्रमाणे मोटारसायकलसाठी वयाची १८ वर्षं पूर्ण हवीत. सोळाव्या वर्षी, पालकांच्या संमतीने, परवाना मिळतो तो फक्त ५० सीसीपर्यंतच्या बिनगिअरच्या गाडीचा. ‘स्कूटरला गिअर नाही, मग सोळाव्या वर्षी चालते’, हा समज चुकीचा आहे. आज घरोघरी दिसणाऱ्या स्कूटर १०० सीसीच्या वरच्या आहेत. त्यांनाही अठराच वर्षं लागतात.

पहिली पायरी शिकाऊ परवान्याची. त्याची मुदत सहा महिने. रस्त्यावरच्या खुणा, वाहतुकीचे नियम आणि अपघात झाल्यास चालकाची कर्तव्यं यांवर परीक्षा असते, आणि ६० टक्के उत्तरं बरोबर यावी लागतात. २०२१पासून आधार क्रमांकाच्या आधारे ही परीक्षा घरी बसूनही देता येते. सोय चांगली आहे. पण उत्तरं मुलाने दिली की शेजारी बसलेल्या दादाने, हे घरच्यांनीच पाहायचं. खुणा ओळखायची वेळ रस्त्यावर येते तेव्हा दादा शेजारी नसतो.

शिकाऊ परवाना म्हणजे मोकळीक नव्हे. गाडीला पुढे आणि मागे पांढऱ्या पाटीवर लाल ‘एल’ हवा. पाटी किमान १८ सेंटिमीटर चौरस, अक्षर किमान १० सेंटिमीटर उंच. सोबत पक्का परवाना असलेला शिकवणारा हवा. त्याच्याशिवाय दुसऱ्या कोणालाही मागे बसवता येत नाही. म्हणजे मित्राला कॉलेजला सोडणं नाही, आजीला अक्कलकोटला दर्शनाला नेणंही नाही.

किमान ३० दिवसांनी पक्क्या परवान्याची चाचणी देता येते. माझं म्हणणं या तीस दिवसांबद्दलच आहे. कायदा चाचणी घेतो, पण खाजगी दुचाकीसाठी वर्गात जाऊन शिकलंच पाहिजे, अशी सक्ती करत नाही. ब्रिटनमध्ये डिसेंबर १९९०पासून नवशिक्याला रस्त्यावर एकट्याने येण्याआधीच प्राथमिक प्रशिक्षण सक्तीचं आहे. आधी बोलणं, मग मोकळ्या मैदानात सराव, आणि शेवटी शिक्षकाबरोबर रस्ता, असा त्याचा क्रम. आपण हा क्रम सरकारची वाट न पाहता गावात लावू शकतो. रविवारची सकाळ, मोकळं मैदान आणि गाडी शांतपणे चालवणारा एक वडीलधारा माणूस, एवढंच त्याला लागतं.

पहिला आठवडा इंजिन बंद ठेवून. गाडी ढकला, वळवा, स्टँडवर लावा, तिचं वजन अंगाला कळू द्या. चाकातली हवा, चेन, ब्रेक, दिवे रोज तपासायची सवय लावा. दुसरा आठवडा मैदानात, पहिल्या गिअरवर. निघायचं आणि ठरलेल्या रेघेवर थांबायचं. चालवण्यापेक्षा थांबणं अवघड असतं. पुढचा ब्रेक दाबला की गाडी उलटते, या भीतीने अनेकजण फक्त मागच्या ब्रेकवर भरवसा ठेवतात. खरं तर ब्रेक लावताना गाडीचा भार पुढच्या चाकावर येतो आणि थांबवण्याचं मोठं काम तेच चाक करतं. दोन्ही ब्रेक एकदम आवळू नका, हळूहळू वाढवत दाबा. वाळू, खडी, चिखल असेल तिथे पुढचा ब्रेक अगदी हलक्या हाताने.

तिसऱ्या आठवड्यात वळणं आणि आठचा आकडा. जिथे जायचं तिथे नजर ठेवा, चाकाकडे नको. चौथ्या आठवड्यात गावातला रस्ता, आणि अगदी शेवटी हायवे. ताशी ६० किलोमीटर वेगात गाडी एका सेकंदात जवळजवळ १७ मीटर पुढे जाते. पुढचं संकट डोळ्यांना दिसून हात ब्रेकवर जाईपर्यंत एवढं अंतर संपलेलं असतं. वेग दुप्पट झाला की ब्रेक लावल्यानंतरचं अंतर चौपट होतं. रात्री उसाच्या ट्रॉलीला मागे दिवा नसेल, तर हे गणित फार क्रूर ठरतं. आणि पेट्रोल पंप पलीकडे आहे म्हणून उलट्या बाजूने जाणं कितीही जवळचं वाटलं, तरी ते करायचं नाही.

हेल्मेट या शिकवणीच्या पहिल्या दिवसापासून हवं, मैदानातसुद्धा. आयएसआय खुणेचं, आणि पट्टा लावलेलं. केंद्र सरकारच्या आकडेवारीनुसार २०२२ साली देशात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसं गेली. हेल्मेट न घातलेले त्यात ५०,०२९ होते, आणि त्यांपैकी १४,३३७ मागे बसलेले. म्हणून हेल्मेट दोन घ्या. मागे बसणाऱ्या आयाबहिणींनी साडीचा पदर, ओढणी आवरून बसावं. मागच्या चाकाची जाळी शोभेसाठी नाही, नियमानेच दिलेली आहे. ती काढू नका.

शेवटी एक गोष्ट आईवडिलांसाठी. अल्पवयीन मुलाने गाडी चालवून गुन्हा घडला, तर २०१९च्या दुरुस्तीप्रमाणे पालक किंवा गाडीमालक दोषी धरला जातो. तीन वर्षांपर्यंत कैद आणि २५ हजार रुपये दंड होऊ शकतो. गाडीची नोंदणी बारा महिन्यांसाठी रद्द होते, आणि मुलाला पंचविशीपर्यंत परवाना मिळत नाही. चालवणाऱ्याकडे परवानाच नसेल, तर अपघातग्रस्ताला दिलेली भरपाई विमा कंपनी गाडीमालकाकडून वसूल करू शकते. ही रक्कम कधीकधी लाखांत जाते. दोन-चार एकरांच्या घराला ती कशी फेडावी लागेल, हे मी सांगायला नको.

पण दंडाच्या भीतीने शिकलेलं पोलीस दिसेपर्यंतच टिकतं. पोरगं संध्याकाळी धडधाकट घरी यावं, ही खरी गरज आहे. गाडीसाठी आपण लाखभर रुपये घालतो. त्याबरोबर तीस दिवसही घाला. किल्ली हातात देण्याआधी मुलाला एवढंच सांगा, ‘आधी मला थांबून दाखव.’

(नभोवाणी भाषणाचा संपादित भाग)