नाडी, दोन हात आणि एक रकाना
(परिसरातील फॅमिली डॉक्टरांसाठी रुग्णालयाने योजिलेल्या प्रशिक्षण वर्गात प्रशासकीय विभागातर्फे झालेले प्रास्ताविक भाषण)



आजच्या वर्गाचा विषय ठरला तेव्हा विश्वस्तांच्या बैठकीत एक रास्त प्रश्न विचारला गेला. मधुमेह, हृदयविकार आणि क्षय यांचे रुग्ण दाराशी रांगा लावून उभे असताना, एखाद्या डॉक्टरच्या साऱ्या व्यवसायात जेमतेम एक-दोनदा भेटेल अशा आजारासाठी आपण अख्खा रविवार का द्यावा? आम्ही वाणिज्य शाखेचे पदवीधर. खर्चाविषयीचा कोणताही प्रश्न आम्हांस रास्तच वाटतो. त्यावर आम्ही दिलेले उत्तर आपणापुढेही ठेवतो. या आजाराचा पहिला संशय येण्यासाठी जे साहित्य लागते ते आपल्या प्रत्येकाच्या दवाखान्यात आज आहे, आणि तो संशय वेळेवर न आल्यास जे गमवावे लागते ते मात्र पुढे कोणत्याही रुग्णालयाला पुरते परत मिळवून देता येत नाही. गुंतवणूक आणि तोटा यांत एवढी तफावत आम्ही अन्य कोणत्याही खात्यात पाहिलेली नाही.

आजाराचे नाव ताकायासू आर्टरायटिस. महारोहिणी आणि तिच्यापासून फुटणाऱ्या मोठ्या शाखा यांच्या भित्तिकांना दाह होतो, त्या जाड होतात, आतील वाट अरुंद होते आणि काही ठिकाणी पार बंद पडते. जपानमधील कानाझावा येथील नेत्रतज्ज्ञ मिकितो ताकायासू यांनी १९०८ साली तेथील नेत्रवैद्यांच्या परिषदेत २१ वर्षांच्या एका स्त्रीच्या डोळ्यांत दिसलेले रक्तवाहिन्यांचे विलक्षण जाळे वर्णिले. त्याच सभेत ओनिशी आणि कागोशिमा या दोन डॉक्टरांनी अशाच रुग्णांची माहिती दिली व त्यांच्या मनगटाला नाडी लागत नव्हती असे सांगितले. डोळ्यांतील ते जाळे आणि मनगटातील ती शांतता यांचे मूळ एकच, हे त्यानंतर उलगडत गेले. १९५१ साली शिमिझू व सानो यांनी त्यास ‘नाडीविहीन आजार’ असे नाव दिले आणि ते नाव रूढ झाले.

नाव रूढ झाले, पण आपल्या देशात त्याने थोडी दिशाभूलही केली असे आमच्या तज्ज्ञ सहकाऱ्यांचे मत आहे. जपानमधील रुग्णांत मान व हात यांकडे जाणाऱ्या शाखा अधिक प्रमाणात बाधित होतात. भारतातील रुग्णांत पोटातील महारोहिणी आणि मूत्रपिंडांच्या रोहिण्या यांचा वाटा मोठा असतो. म्हणजे आपल्याकडची रुग्ण पुष्कळदा नाडी हरवून येत नाही, तर वाढलेला रक्तदाब घेऊन येते. नाडी लागली, म्हणून आजार नाही, असा निष्कर्ष काढला तर तो आपल्याच मातीतल्या रुग्णाला लागू पडत नाही. पंचविशीतल्या मुलीचा रक्तदाब वाढलेला आढळला की ‘काळजी फार करते’, ‘परीक्षेचे दडपण आहे’, ‘नवे लग्न झाले आहे’ अशी कारणे चटकन सुचतात. मूत्रपिंडाची रोहिणी सुचत नाही.

मागील वर्षी निर्धन रुग्ण निधीतून साहाय्य मिळावे असा एक अर्ज आमच्या टेबलावर आला. सोबत एका तरुणीच्या चार वर्षांच्या कागदांची पिशवी होती. असे अर्ज तपासताना कागद तारखेनुसार लावण्याची आमची सवय आहे, त्याप्रमाणे ते लावले. आरंभी बारीक ताप, थकवा, वजनात घट आणि वाढलेला ई.एस.आर. होता. त्यावरून सहा महिने क्षयाचे औषध दिलेले होते. थुंकीत वा क्षकिरण चित्रात काही सापडल्याची नोंद नव्हती. पुढे डोकेदुखीसाठी चष्मा. पुढे कपडे पिळताना डावा हात भरून येतो, म्हणून मानेच्या मणक्याचे व्यायाम. या सर्व काळात रक्तदाबाच्या नोंदी होत्या आणि त्यांनीच आमचे लक्ष वेधले. एका दवाखान्याच्या कागदावर १०४/७०, तर त्याच पंधरवड्यातील दुसऱ्या कागदावर १९०/११०. दुसऱ्या आकड्यापुढे प्रश्नचिन्ह होते आणि खाली ‘यंत्र तपासून घेणे’ असे लिहिलेले होते.

यंत्र बिघडलेले नव्हते. पहिला आकडा डाव्या हाताचा होता आणि दुसरा उजव्या. डाव्या हाताकडे जाणारी रोहिणी अरुंद झाल्यामुळे तेथे कमी दाब पोहोचत होता. देहातील खरा दाब उजव्या हातात दिसत होता. आम्हांस वैद्यकातले काही कळते असा दावा नाही. परंतु रोकडवही आणि बँकेचे पासबुक यांची शिल्लक जुळली नाही, तर कोणताही हिशेबनीस बँकेने आकडा चुकविला असे समजून पुढे जात नाही. तो दोन्ही समोरासमोर ठेवून ताळमेळ पत्रक तयार करतो, कारण फरक हीच त्याच्या दृष्टीने बातमी असते. येथे दोन आकडे दोन वेगळ्या दवाखान्यांत राहिले आणि ताळमेळ कोणी घातला नाही. सी.टी. अँजिओग्राफी झाली तोवर तिचे एक मूत्रपिंड आक्रसून गेले होते.

दोन्ही हातांचा रक्तदाब मोजावा, हा उपदेश नवा नाही. अडचण सवयीची आहे. रुग्णाचा जो हात टेबलाच्या बाजूस येतो त्यालाच पट्टा बांधला जातो. जुने वैद्य पुरुषाची उजव्या आणि स्त्रीची डाव्या हाताची नाडी पाहत. या आजारात डाव्या हाताची रोहिणी अधिक वेळा बाधित होते, हे ध्यानी घेता निदान स्त्रियांच्या बाबतीत त्या रीतीने काही हाती लागले असते, असे गमतीने मनात येते.

१९९० च्या अमेरिकन निकषांत दोन हातांतील वरच्या दाबात १० मि.मी.हून अधिक फरक हा एक निकष होता. २०२२ च्या नव्या निकषांत तो २० मि.मी. झाला असून रक्तवाहिन्यांच्या चित्रणाचा पुरावा आवश्यक ठरविला आहे. चित्रण आमचे काम. फरक टिपणे आपले. दोन्ही हात बाधित असल्यास मांडीला मोठा पट्टा बांधून दाब पाहावा लागतो. गळपट्टीच्या हाडामागे, मानेवर आणि बेंबीच्या आजूबाजूस स्टेथोस्कोप टेकविल्यास अरुंद वाहिनीतून जाणाऱ्या रक्ताची घरघर ऐकू येऊ शकते. गर्भवतीची तपासणी करणाऱ्या भगिनींना आमची विशेष विनंती आहे: बाधित हाताने दाखविलेला ‘उत्तम’ रक्तदाब बाळंतपणात घात करू शकतो. ई.एस.आर. उतरला म्हणजे आजार शमला, असेही नाही. हा भाग पुढील व्याख्यानात सविस्तर येईल. आजार किती जागा आहे हे मोजण्यासाठी भारतीय डॉक्टरांनीच ‘आयटास २०१०’ ही गुणपद्धती तयार केली. तिच्यातील ४४ पैकी ३३ बाबी हृदय व रक्तवाहिन्यांच्या असून बहुतांश माहिती रुग्णाला विचारून आणि हाताने तपासूनच मिळते.

उपचारांबाबत आम्ही केवळ खर्चाच्या बाजूने बोलू. प्रेडनिसोलोन, मेथोट्रेक्सेट, ॲझाथायोप्रिन ही औषधे सामान्य कुटुंबाच्या आवाक्यात आहेत. टोसिलिझुमॅबसारखी नवी औषधे तशी नाहीत. फुग्याने वाहिनी रुंदावणे किंवा बायपास शस्त्रक्रिया शक्यतो दाह शमवून मगच केली जाते. म्हणजे लवकर आलेल्या रुग्णाचे पुष्कळसे काम गोळ्यांवर भागू शकते आणि उशिरा आलेल्याचे शस्त्रक्रियागृहात जाते. आपल्या राज्यातील धर्मादाय रुग्णालयांनी १० टक्के खाटा निर्धनांसाठी व १० टक्के दुर्बल घटकांसाठी राखावयाच्या असतात आणि देयकांच्या २ टक्के रक्कम निर्धन रुग्ण निधीत जमा करावयाची असते. त्या निधीतून एक शस्त्रक्रिया होते तेव्हा रांगेतील दुसरा कोणी थांबतो. हा हिशेब आम्हांस दर महिन्याला मांडावा लागतो. उपरोक्त तरुणीचा अर्ज मंजूर झाला. आज तिचा रक्तदाब ताब्यात आहे, राहिलेले मूत्रपिंड चांगले काम करीत आहे आणि ती तपासणीस नियमाने येते.

डॉक्टरांना वैद्यक शिकविण्याचा अधिकार आमचा नाही. कागद छापण्याचा आहे. म्हणून बाह्यरुग्ण विभागाच्या केसपेपरवर रक्तदाबासाठी असलेली एक ओळ काढून ‘उजवा हात’ आणि ‘डावा हात’ असे दोन रकाने आम्ही छापून घेतले आहेत. रिकामा राहिलेला रकाना माणसाच्या डोळ्यांत खुपतो, हा आमच्या व्यवसायातील अनुभव आहे. नव्या छपाईस जुन्याइतकाच खर्च आला, हे कोषाध्यक्षांच्या माहितीसाठी नमूद करतो.

उपस्थितीच्या श्रेयांकांसाठी नोंदवहीत स्वाक्षरी करण्यास कृपया विसरू नये. नव्या केसपेपरचे गठ्ठे दाराशी ठेवले आहेत. रुग्णालयाचे नाव वर छापलेले नाही, तेव्हा आपल्या दवाखान्यासाठी प्रत्येकी शंभर प्रती संकोच न करता घेऊन जाव्यात. यापुढे संधिवात विभागाच्या प्रमुखांनी वर्गाची सूत्रे हाती घ्यावीत, अशी त्यांना विनंती करतो.